निरगुडे सरांचं सरबत

“ही तोटी बघा,” काका म्हणाले, आणि सात-आठ माणसं बाथरूमच्या दारात दाटीवाटीनं उभी राहून तोटी बघू लागली.

तोटी लखलखत होती, यात शंका नाही. नगरच्या त्या कॉलनीत बोअरचं पाणी एवढं जड होतं, की नवी बादली बघता बघता आतून पांढरी व्हायची. शेजाऱ्यांच्या नळांवर क्षारांची पुटं चढलेली असायची. काकांचा नळ मात्र आत्ताच दुकानातून आणल्यासारखा दिसायचा.

“काय वापरत असेन मी याला?” काकांनी विचारलं.

“राख?” एक निवृत्त तलाठी म्हणाले.

“काही नाही. काहीही नाही! ज्या घरात केमिकल शिरत नाही, त्या घरातल्या पाण्याचासुद्धा स्वभाव बदलतो.”

मंडळींनी माना डोलावल्या. एका बाईंनी तर तोटीला हात लावून तो कपाळाला लावला. मी शेजारच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते, तिथून मला हा सगळा सोहळा दिसत होता. पाण्याचा स्वभाव कशानं बदलला होता, तेही मला माहीत होतं. पहाटे काकूनं गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवलं होतं, त्यात फडकं भिजवून तोटीला गुंडाळलं होतं आणि काका आंघोळीला जायच्या आत सोडून, पुसून, वाळत घातलं होतं. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. साखरेसारखं दिसतं आणि कुठल्याही वाण्याकडे पुडीत मिळतं.

मी काकूकडे बघून फिसकन हसले.

“लसूण सोल,” ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

भालचंद्र निरगुडे हे माझे सख्खे काका. एका बँकेत जन्मभर खुर्ची उबवून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसल्यावर त्यांना साक्षात्कार झाला, की जगातले सगळे आजार केमिकलमुळे होतात. त्यांनी दोन पुस्तकं वाचली, एक शिबिर केलं, पांढरे झब्बे शिवून घेतले आणि लोकांना स्वतःला ‘सर’ म्हणायला लावलं. आयुष्यात या माणसानं कुणाला बेचा पाढासुद्धा शिकवला नव्हता. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथं पाण्याचाच पत्ता नव्हता, नुसता खळखळाट होता. पण लोक यायचे. सांधे दुखणारे, साखर वाढलेले, झोप न येणारे यायचे आणि झब्ब्याकडे बघून निम्मे बरे व्हायचे.

मी जामखेडहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले होते. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर तोंड बंद ठेवावं, असं आईनं बजावून पाठवलं होतं. मी ते जमेल तेवढं पाळत होते.

काकांनी घरातून साबण घालवला होता, चहा घालवला होता, पांढरी साखर घालवली होती. ‘ॲसिड’ हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. “ॲसिड म्हणजे संडास धुवायचं,” असं ते म्हणायचे. आणि सगळं घर चाललं होतं ते याच ॲसिडवर. पाहुण्यांसमोर ते ज्याची तारीफ करायचे तो खमण काकू त्यावरच फुगवायची. दूध त्यानंच फाटायचं आणि ‘बघा, घरचं पनीर’ म्हणून ताटात यायचं. बटाटे उकडताना कुकर आतून काळा पडू नये म्हणून त्याची चिमूट पडायची. तांब्याची घागर, थर्मासचा तळ, पपईचा जॅम, सगळीकडे तेच. बरणी ओट्यावर उघड्यावर असायची. तिच्यावर काकूनं ‘सैंधव’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. सैंधव काकांना मंजूर होतं.

शैलाकाकू बी. एस्सी. होती, तीही रसायनशास्त्र घेऊन. लग्नाआधी श्रीरामपूरला शाळेत शिकवायची. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, “काकू, सांगून का टाकत नाहीस गं त्यांना?”

“सांगितलं होतं. म्हटलं, लिंबात असतं तेच आहे हे. तर म्हणाले, लिंबू देवानं केलंय आणि हे कारखान्यानं. बी. एस्सी. झालीस म्हणून मला शिकवू नकोस.”

“मग?”

“मग काय? पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? चिठ्ठी चिकटवली.”

“म्हणजे जन्मभर असं चोरूनच?”

“काही गोष्टी चालू राहायला हव्यात, हेमांगी,” ती म्हणाली. “खरं-खोटं मागाहून बघता येतं.”

मला त्या दिवशी तिचाही राग आला. काका मूर्ख होते, ते समजण्यासारखं होतं. पण ही एवढी शिकलेली बाई, नवऱ्याची समजूत मोडू नये म्हणून पहाटे उठून चोरासारखा नळ घासते, हे मला अगदी लाचार वाटलं. मी तिच्याशी दोन दिवस तुटकच वागले. तिच्या ते लक्षात आलं असावं.

राहिली ऋजू, त्यांची एकुलती एक मुलगी. ती तेरा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला आकडी आली होती, मग घरीही आली, मग एकदा जिन्यात आली आणि हनुवटी फुटली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, काही वर्षं घ्याव्या लागतील, मधेच अजिबात बंद करायच्या नाहीत. त्यानंतर आकडी आली नाही. पुढे काकांना साक्षात्कार झाला आणि त्यांनी गुढीपाडव्याच्या दिवशी सगळ्या गोळ्या ऋजूच्याच हातानं मोरीत टाकायला लावल्या. वर शपथही घ्यायला लावली, की पुन्हा कधी गोळीला शिवणार नाही. ऋजूचा बापावर इतका विश्वास होता, की त्यांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तर तिनं गादी त्या बाजूला वळवली असती. काकूनं एकदा तिला एकटीला गाठून गोळी पुढं केली, तर पोरीनं ती थुंकून टाकली आणि बापाला जाऊन सांगितलं. त्यावरून घरात मोठं रामायण झालं. काकांनी कपाटं, डबे, काकूची पर्स, सगळं तपासलं. हे सगळं मी तिथं राहायला येण्याआधीचं. मला ते ऋजूनंच मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

गोळ्यांऐवजी काकांचा उपाय होता लिंबू सरबत. रोज सकाळी गॅलरीत उगवत्या सूर्याकडे तोंड करून बाप-लेक शेजारी शेजारी उभे राहायचे आणि एकेक पेला रिकामा करायचे. लिंबू, मध, सैंधव आणि पाणी, असा त्यांचा पाठ होता. उन्हाळ्यात लिंबं वाळून टणक होतात आणि भावही डोक्यावर जातो. काकू वासापुरतं लिंबू पिळायची आणि बाकीचा आंबटपणा बरणीतला. ऋजू पिताना डोळे गच्च मिटायची.

“आंबट लागतंय? मग गुण येणारच,” काका म्हणायचे.

आणि गुण आला होता, हेच तर मला खटकत होतं. वर्ष उलटून गेलं तरी ऋजूला आकडी आली नव्हती. मी त्या माणसाची मनातल्या मनात रोज टिंगल करायची, पण ऋजूला शाळेत जाता-येताना, सायकल चालवताना बघितलं की जीभ आत जायची. हा उंटावरचा शहाणा चुकून खरा तर नाही ना निघणार, अशी मला चक्क भीती वाटायला लागली होती.

एकदा काकूला ताप होता म्हणून मीच दोन पेले सरबत करून ठेवलं. ती चादर टाकून अक्षरशः धावत आली, ऋजूचा पेला माझ्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला.

“तिचं मी करते,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्याच पद्धतीनं केलंय.”

“म्हटलं ना, तिचं मी करते.”

ती तापात थरथरत ओट्याशी उभी राहिली आणि माझी पाठ वळेपर्यंत तिनं पेल्याला हात लावला नाही. मला अपमान वाटला. नंतर ऋजूच्या पेल्याच्या तळाशी उरलेला एक घोट मी मुद्दाम घेऊन पाहिला, एवढं काय त्यात सोनं लागलंय म्हणून. इतकं आंबट, की दात शिवशिवले, आणि मागून जिभेवर काहीतरी कडवट. लिंबाची बी चिरडली असेल, असं मला वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात काकांनी कॉलनीच्या समाजमंदिरात पहिलं मोठं शिबिर ठेवलं. त्यात एक कार्यक्रम त्यांच्या खास डोक्यातून निघालेला होता. त्याचं नाव गोळीविसर्जन. व्यासपीठासमोर पाटावर एक मोठी परात मांडायची, तिला हळद-कुंकू लावायचं, आणि शिबिराला आलेल्यांनी एकेक करून आपल्या औषधाच्या गोळ्या त्या परातीत टाकायच्या. शेवटी सगळ्यांनी ‘मुक्त झालो’ असं तीनदा म्हणायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. त्या दिवशी हॉल भरलेला पाहिला आणि हसू आलं नाही.

तलाठ्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या. एका मास्तरणीनं साखरेच्या टाकल्या. टाळ्या पडत होत्या. मग काकांनी ऋजूला बोलावलं. सकाळी नळ दाखवायचे तशीच त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभी केली.

“ही माझी मुलगी. हिला आकडी यायची. डॉक्टर म्हणाले होते, वर्षानुवर्षं गोळ्या. ऋजू, शेवटची गोळी कधी घेतलीस?”

“मागच्या वर्षी पाडव्याच्या आधी.”

“त्यानंतर आकडी?”

“एकदाही नाही.” ऋजूचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

“आणि काय घेतेस?”

“लिंबू सरबत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी डोळे मिटून तो अंगावर घेतला. मी मागच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. काकू बाजूच्या दारात सरबताच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती, कारण भाषणानंतर सगळ्यांना ते ‘अमृत’ वाटायचं ठरलं होतं.

तेवढ्यात बायकांमधून एक बाई उठल्या. त्या पाथर्डीकडून आल्या होत्या, नाव सिंधूबाई आव्हाड. त्यांच्या पदराला धरून सात-आठ वर्षांची मुलगी होती, कपाळावर जुन्या जखमेची खूण असलेली. बाईंनी पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांची पट्टी बाहेर काढली.

“सर, ही माझी पूनम. हिलाबी तसंच व्हतं. चुलीवर पडता पडता वाचली एकदा. डाक्टर म्हंत्यात गोळी सोडायची न्हाई. पन तुमची लेक बघून लई धीर आला बघा.” त्या जरा थांबल्या. “बंद केल्यावर पोरीला काई व्हनार न्हाई ना?”

“माझ्या पोरीला झालं?” काका म्हणाले.

“न्हाई.”

“मग टाका की! हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

बाईंनी पट्टी परातीत टाकली. पूनम परातीकडे बघत होती. लोकांनी टाळ्या सुरू केल्या आणि त्या टाळ्यांमध्ये काकूनं ट्रे खाली ठेवल्याचा खण्णकन आवाज आला.

“ती पट्टी उचला,” ती म्हणाली.

टाळ्या एकेक करत थांबल्या.

“शैला, सरबत वाटायचं मागाहून,” काका हसत म्हणाले.

“मी सरबताचं बोलत नाही. बाई, ती पट्टी उचला आणि आजची गोळी आजच द्या पोरीला.”

“शैला, आत जा.”

“जाते. आधी यांना सांगते.” काकू व्यासपीठाजवळ आली. तिचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या बाईचा होता. तो मी पहिल्यांदाच ऐकत होते. “बाई, हे सरबत सुरू झाल्यापासून आमच्या ऋजूनं गोळी एक दिवसही चुकवलेली नाही. रोज सकाळी, यांच्या शेजारी उभी राहून, यांच्या डोळ्यांदेखत घेतलीय. सरबतातून.”

सिंधूबाईंनी पूनमकडे बघितलं, मग ऋजूकडे.

“डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, पाण्यातून द्या, सरबतातून द्या, पण चुकवू नका. चुरा केला तरी गोळी कडूजहर. लिंबानं कडूपणा जात नव्हता. म्हणून मी लिंबूसत्त्व घालायला लागले. सायट्रिक ॲसिड. आंबट एवढं केलं, की कडू कळायला नको. यांनी डबे तपासले, कपाटं तपासली, माझी पर्स तपासली. स्वतःच सांगितलेलं सरबत तेवढं तपासायचं राहिलं.”

मला तापातली काकू आठवली, माझ्या हातातला पेला ओढून घेणारी, आणि मी सतरंजीवर बसल्या जागी थिजून गेले. वर्षभर जिला मी लाचार समजत होते, ती रोज सकाळी या दोघांच्या नाकासमोर आपल्या पोरीचा जीव वाचवत होती.

“आई, तू खोटं बोलतेयस,” ऋजू म्हणाली.

“नाही.”

“मी बाबांची शपथ घेतली होती! तू मला ती रोज मोडायला लावलीस?”

“हो. रोज.”

“मला न सांगता?”

“सांगून पाहिलं होतं, ऋजू. तू थुंकलीस. मग मला दुसरा रस्ता राहिला नाही.”

ऋजू रडायला लागली आणि बापाला चिकटली. तिनं त्यांच्या झब्ब्याची बाही घट्ट धरली. “बाबा, तुम्ही सांगा ना. सांगा ना यांना, की हे खोटं आहे.”

सगळे काकांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पडला होता, ओठ हलत होते. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, नाहीतर खाली बसेल, नाहीतर निदान पोरीच्या डोक्यावर हात ठेवेल. त्यांनी बाही सोडवून घेतली आणि तो हात स्वतःच्या पोटावर ठेवला.

“आणि माझ्या?” ते म्हणाले. “माझ्या पेल्यात काय घालत होतीस तू?”

काकूनं त्यांच्याकडे नीट बघितलं. जणू इतकी वर्षं तिला हाच प्रश्न अपेक्षित होता.

“तुमच्या? लिंबूसत्त्व, मध आणि पाणी. तुमच्यासाठी कुणी एवढा खटाटोप करील, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. काकांच्या ते कानातही गेलं नाही.

“नक्की ना? दुसरं काही नाही ना? वर्षभर ॲसिड पोटात गेलंय माझ्या!” ते तलाठ्यांकडे वळले. “अहो, आतडी जळत असतील का हो यानं? मला हल्ली जळजळ होतेच. मी म्हणत होतोच.”

तलाठी परातीत वाकून आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या शोधत होते. त्यांच्या पाठोपाठ मास्तरीणबाई आल्या. बघता बघता परातीभोवती गर्दी झाली आणि माझी पट्टी, तुमची पट्टी असं सुरू झालं. मुक्त झालेली सगळी मंडळी पुन्हा बांधून घ्यायला धडपडत होती. मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली, पण त्या गर्दीकडे पाठ करून, दोन बोटांनी पोट चाचपत, ‘कुणाकडे इनो आहे का’ असं विचारणाऱ्या माझ्या काकाची सर अजून कुणाला आलेली नाही.

ऋजू तिथंच उभी होती. बाही सुटलेला तिचा हात तसाच अर्धवट वर राहिला होता. ती बापाकडे बघत होती. रडणं थांबलं होतं आणि ती बघतच होती, तो हे सगळं विचारत असताना, घाम पुसत असताना, खुर्चीत बसून कुणाकडून तरी पाणी मागत असताना. त्यानं एकदाही तिच्याकडे मान वळवली नाही.

मग ती खाली उतरली. गर्दीत घुसून तिनं परातीतून सिंधूबाईंची पट्टी शोधून काढली आणि त्यांच्या हातात दिली.

“हिला रोज द्या,” ती म्हणाली. “ती नको म्हणाली तरी द्या.”

सिंधूबाईंनी पट्टी पदरात बांधली, पूनमला जवळ ओढलं आणि मान हलवली. ऋजू आपल्या आईपुढं जाऊन उभी राहिली.

“मला खूप राग आलाय तुझा,” ऋजू म्हणाली.

“येऊ दे.”

“उद्यापासून गोळी माझ्या हातात दे. मी पाण्याबरोबर घेईन.”